गावाचा मनोरा : बिदरचा चौबारा आणि फ्लँडर्सची घंटाघरे



मागच्या सहामाहीत नववीच्या वर्गात आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता. ‘आपल्या इतिहासातील पाच वास्तूंची नावे लिहा.’ रायगड, शनिवारवाडा, प्रतापगड, सिंहगड, अजिंठा अशी नावे भराभर लिहिली गेली. वाचून आनंद झाला. पण सगळे कागद चाळून झाल्यावर लक्षात आले की, बिदरच्या एकाही वास्तूचे नाव एकाही कागदावर नव्हते. लिहिणाऱ्यांपैकी निम्मी मुले त्याच दिवशी सकाळी चौबाऱ्यावरून शाळेत आली होती!

चूक मुलांची नव्हती. ‘आपला इतिहास’ म्हणजे सीमेपलीकडचा, आणि इथला तो ‘त्यांचा’, अशी समजूत कुणी न शिकवताही घरात आणि वर्गात रुजत जाते. आम्हा शिक्षकांचाही त्यात वाटा आहे. म्हणून या अंकाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही चौबारा निवडला. आणि त्याची नीट ओळख व्हावी म्हणून, थोडे आश्चर्य वाटेल, पण सुरुवात युरोपातून करणार आहोत.

‘बेलफोर्ट’ म्हणजे काय?

आजच्या बेल्जियम देशाचा उत्तरेकडील भाग म्हणजे फ्लँडर्स. मध्ययुगात हा प्रदेश लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होता. इंग्लंडमधून लोकर यायची, ब्रूज, गेंट, ईप्र या शहरांत तिचे कापड विणले जायचे आणि ते दूरदूरच्या बाजारात विकले जायचे. व्यापारामुळे ही शहरे श्रीमंत झाली. कर कसे बसवावेत, बाजार कसा भरवावा, न्याय कसा करावा, याविषयीचे काही हक्क त्यांनी तिथल्या सरदारांकडून लेखी सनदा घेऊन मिळवले. या हक्कांची खूण म्हणून शहराच्या मधोमध एक उंच मनोरा उभा राहू लागला. तो ना राजाच्या किल्ल्याचा होता, ना चर्चचा. तो नगराचा होता. त्याला तिथल्या भाषेत ‘बेलफोर्ट’ म्हणतात.

ब्रूजचा बेलफोर्ट सर्वांत प्रसिद्ध आहे. १२४०च्या सुमारास बाजारचौकात त्याची उभारणी झाली. १२८० साली त्याला मोठी आग लागली आणि आत ठेवलेले शहराचे दप्तर जळून गेले. लोकांनी मनोरा पुन्हा बांधला. त्यावरचा अष्टकोनी मजला १४८३ ते १४८७ या काळात चढला. आज त्याची उंची ८३ मीटर आहे, वर जायला ३६६ पायऱ्या आहेत आणि माथ्याजवळ ४७ घंटा टांगलेल्या आहेत. गेंटचा बेलफोर्ट त्याहूनही उंच, सुमारे ९१ मीटर. त्याचे काम १३१३ साली सुरू झाले आणि १३८०पर्यंत चालले. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधील असे ५६ मनोरे युनेस्कोने १९९९ आणि २००५ अशा दोन टप्प्यांत जागतिक वारशाच्या यादीत घेतले आहेत.

या मनोऱ्याची कामे कोणती होती?

पहिले काम पहाऱ्याचे. वर पहारेकरी बसे. आग दिसली, शत्रूची फौज दिसली की तो घंटा वाजवी. त्या काळी घरे बहुतेक लाकडी, त्यामुळे आगीची वेळेवर खबर मिळणे म्हणजे निम्मे शहर वाचणे.

दुसरे काम वेळ सांगण्याचे. विणकरांनी कामाला केव्हा लागावे, जेवायला केव्हा उठावे, माग केव्हा थांबवावा, वेशी केव्हा उघडाव्यात आणि केव्हा लावाव्यात, हे सगळे घंटेवर ठरे. प्रत्येक कामाची घंटा वेगळी आणि तिचा नादही वेगळा. पुढे चौदाव्या शतकात यांत्रिक घड्याळे आली, तीही याच मनोऱ्यांवर बसली.

तिसरे काम जपणुकीचे. शहराच्या सनदा, शिक्का आणि खजिना मनोऱ्यातल्या भक्कम खोलीत, लोखंडी पट्ट्यांच्या पेट्यांमध्ये ठेवत. पेटीला एकच कुलूप नसे. कुलपे अनेक, आणि किल्ल्या वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. सगळे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही, असा शिरस्ता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता एक गमतीची गोष्ट. इंग्रजीत अशा मनोऱ्याला ‘बेल्फ्री’ म्हणतात. ‘बेल’ म्हणजे घंटा, म्हणून हा शब्द घंटेवरून आला असे आपल्याला वाटते. पण भाषेचे अभ्यासक सांगतात की त्याचे मूळ जुन्या जर्मानिक भाषेतील आहे आणि मूळ अर्थ रक्षणाचा मनोरा असा आहे. घंटा त्याला नंतर चिकटली. म्हणजे मनोरा आधी पहाऱ्याचा, मग घंटेचा. आणि हा अर्थ मनात ठेवून आपण परत बिदरला आलो, की जुन्या शहराच्या मधोमध काय दिसते?

चार दिशांचा चौबारा

अहमदशाह वली या बहमनी सुलतानाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला आणली. त्यानंतर बिदरचा किल्ला आणि त्याला लागून तटबंदीचे शहर आकाराला आले. शहराला पाच दरवाजे : शाहगंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन आणि तलघाट. शहराचे दोन मुख्य रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. ते जिथे मिळतात तिथे उभा आहे चौबारा. चारी दिशांना तोंड असलेली वास्तू, म्हणून चौबारा.

हा दगडी मनोरा गोल आहे. उंची ७१ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर. आत चक्राकार जिना असून ८० पायऱ्या आहेत. ब्रूजच्या ८३ मीटरपुढे २२ मीटर म्हणजे फारच कमी, असे कुणी म्हणेल. पण ब्रूज सपाट, सखल मुलखात आहे. बिदर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीच्या, जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. ज्याच्या पायाखालीच पठार आहे, त्याला फार उंच मान करावी लागत नाही. २२ मीटर उंचीवरून सपाट प्रदेशात सुमारे १६ ते १७ किलोमीटरपर्यंतचे क्षितिज दिसते. चौबाऱ्यावरच्या पहारेकऱ्याला अख्खे पठार नजरेच्या टप्प्यात होते. घोडदळाची धूळ उठली की ती वेशीवर पोचण्याआधी बराच वेळ त्याला दिसणार, हे उघड आहे.

त्या काळच्या बिदरमध्ये पहारा किती कडक होता, याची साक्ष एका परक्या माणसाने दिली आहे. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४७०च्या सुमारास चौल आणि जुन्नर या मार्गाने बिदरला आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की, रात्री कोतवालाचे हजार लोक शहरात गस्त घालत. ते घोड्यावर असत, अंगात चिलखत असे आणि हातात मशाल असे. चौबाऱ्याच्या माथ्यावरून रात्री हे दृश्य कसे दिसत असेल, याची कल्पना करून पाहा. चित्रकलेच्या तासाला हाच विषय घेण्यासारखा आहे.

चौबाऱ्याच्या चार बाजूंच्या वस्त्यांमध्ये तालमी होत्या. नूरखाँ की तालीम, सिद्दिकशहा की तालीम, मनियार तालीम आणि पनसाल तालीम ही त्यांची नावे आजही जुन्या शहरात ऐकू येतात. तालीम हा शब्द आपल्या मराठीतही तसाच आहे. गावोगावच्या आखाड्यांना आपण तालीमच म्हणतो. म्हणजे शहराच्या मध्यावर पहाऱ्याचा मनोरा आणि त्याच्याभोवती अंग कमावणाऱ्या तरुणांच्या तालमी.

घंटा नव्हती, मग वेळ कशी कळे?

मोठ्या घंटा ओतून त्या मनोऱ्यावर टांगण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. पण वेळ सांगण्याची सोय नव्हती असे मात्र नाही. आपल्याकडे घटिकापात्र होते. तांब्याची एक पातळ वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. ती पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत ठेवायची. छिद्रातून हळूहळू पाणी आत शिरते आणि वाटी बुडते. तेवढा वेळ म्हणजे एक घटिका, आजची २४ मिनिटे. अशा ६० घटिका म्हणजे एक अहोरात्र. वाटी बुडाली की शेजारी टांगलेल्या जाड पितळी तबकडीवर टोला मारायचा. बाबराने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातील ही पद्धत पाहून तिचे सविस्तर वर्णन केले आहे. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडत असत, हे घरातील आजी-आजोबांनी पाहिले किंवा ऐकले असेल.

शिवाय किल्ल्यात नौबत होती. बिदरच्या किल्ल्यातील नौबतखाना आजही दाखवला जातो. नगाऱ्याचा आवाज झाला की शहराला प्रहर कळे.

या पद्धतीच्या खुणा आपल्या भाषेत राहून गेल्या आहेत. ‘घड्याळ’ हा शब्द घटिकेच्या कुळातला. आणि ‘तास’? ज्या धातूच्या तबकडीवर टोले देत तिला तास म्हणत. त्यावरून साठ मिनिटांच्या काळाला तास हे नाव मिळाले आणि शाळेत तर आपण विषयालाच तास म्हणतो, मराठीचा तास, गणिताचा तास. शिपाईमामा वऱ्हांड्यात टांगलेल्या लोखंडी पट्टीवर टोला मारतात, तेव्हा ते त्या जुन्या तासाचाच आवाज काढत असतात.

पुढे यांत्रिक घड्याळांचा काळ आला तेव्हा चौबाऱ्याच्या माथ्यावरही घड्याळ बसवले गेले. म्हणजे पहाऱ्याच्या मनोऱ्याला वेळेचे काम नंतर मिळाले. ब्रूज आणि बिदर एकमेकांना ओळखत नव्हते, तरी दोन्ही मनोऱ्यांचा प्रवास एकाच वाटेने झाला.

शिक्का कुणाच्या हातात?

चौबाऱ्याहून किल्ल्याकडे जाणारा रस्ता धरला की थोड्याच अंतरावर महमूद गवान यांचा मदरसा लागतो. गवान इराणातील गिलान प्रांताचे. व्यापारी म्हणून ते दाभोळ बंदरात उतरले, बिदरला आले आणि आपल्या गुणांवर बहमनी राज्याचे वजीर झाले. १४७२ साली त्यांनी हे विद्यापीठ बांधले. तीन मजली इमारत, विद्यार्थ्यांसाठी ३६ खोल्या, शिक्षकांसाठी स्वतंत्र दालने, सुमारे ३००० हस्तलिखितांचे ग्रंथालय, दर्शनी भागावर रंगीत चिनी मातीच्या फरशांची नक्षी आणि दोन टोकांना दोन मिनार. त्यातला एक आज उभा आहे, उंची १३१ फूट.

मुत्सद्दी, विद्वान आणि साधे राहणारे गवान यांचा शेवट मात्र फार वाईट झाला. दरबारातील विरोधकांनी त्यांच्या शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. मग त्या कागदावर ओडिशाच्या राजाला चढाईचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले आणि ते सुलतान तिसऱ्या महंमदशाहापुढे ठेवले. सुलतानाने शहानिशा केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी गवान यांचा शिरच्छेद झाला. चूक उमगल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पण गेलेला माणूस परत आला नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहमनी राज्याची शकले होऊ लागली.

आता बेलफोर्टमधील त्या अनेक कुलपांच्या पेटीची आठवण करा. तिथे शिक्का एका माणसाच्या हातात नव्हता. फ्लँडर्समधले लोक जास्त प्रामाणिक होते असे नाही. तिथेही भांडणे होती, बंडे होती, सूडही होता. पण कुणा एकाच्या भलेपणावर सगळे सोपवायचे नाही, एवढे त्यांनी ठरवले होते. घर असो, संस्था असो, राज्य असो, विश्वासाला व्यवस्थेची जोड लागते. आमचे विश्वस्त हे वाचून हसतील, कारण आपल्या संस्थेच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या आहेत आणि त्या दोन घरी असतात!

पडलेले मनोरे

मदरशाचा दुसरा मिनार कुठे गेला? मोगलांच्या काळात या इमारतीत दारूगोळा ठेवलेला होता. १६९६ साली वीज पडून त्याचा स्फोट झाला. एक मिनार आणि इमारतीचा मोठा भाग उडाला. आज ती उघडी पडलेली बाजू पाहिली की गलबलून येते.

ईप्र या फ्लेमिश गावावरही अशीच वेळ आली. तिथे कापडबाजाराची भव्य इमारत आणि तिच्या मधोमध बेलफोर्ट, असे १३०४ साली पुरे झालेले काम होते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने ते जवळजवळ भुईसपाट झाले. या लढाईशी आपलेही नाते आहे. १९१४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिंदी सैनिक ईप्रजवळच्या खंदकांत लढले, आणि तिथल्या मेनिन वेशीवरच्या स्मारकात हिंदी सैनिकांचीही नावे कोरलेली आहेत. युद्धानंतर ईप्रच्या लोकांनी जुने नकाशे आणि छायाचित्रे समोर ठेवून इमारत पुन्हा उभारली. ते काम १९६७ साली संपले.

प्रत्येक पडकी वास्तू नव्याने बांधावी असे आमचे म्हणणे नाही. तो तज्ज्ञांचा विषय आहे. पण ईप्रच्या लोकांकडे नकाशे होते, छायाचित्रे होती, आठवणी होत्या, म्हणजे पडण्याआधी त्यांनी आपला मनोरा नीट पाहिलेला होता. आम्हाला काळजी वाटते ती एवढ्याचीच. जागतिक पातळीवर बिदरकडे लक्ष गेले आहे. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने २०१४च्या आपल्या यादीत बिदरच्या ऐतिहासिक शहराचा समावेश केला. बाहेरच्यांनी पाहिले, आणि रोज तिथून जाणाऱ्या आपण मान वर केली नाही, असे व्हायला नको.

मनोरा कुणाचा?

१९५६ साली, १ नोव्हेंबरला, भाषावार राज्यरचना झाली तेव्हा जुन्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड तेलुगू मुलखाकडे, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग आजच्या कर्नाटकात राहिला. चौबाऱ्याच्या चार वाटांनी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारी माणसे आजही बाजाराला येतात. मनोऱ्यावरून खाली पाहणाऱ्या पहारेकऱ्याने आग लागल्यावर ‘हे घर कोणत्या भाषेचे’ असे कधी विचारले नसेल.

आणि आपल्या मराठी परंपरेत तर बिदर मुळीच परके नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, आणि त्यांना सोडवायला विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या बादशहाच्या दरबारात धान्याची रक्कम भरून आला, ही कथा आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकतो. ते बेदर म्हणजे हेच आपले बिदर. ज्या गावात आपला विठ्ठल चालत आला अशी आपली श्रद्धा, ते गाव ‘त्यांचे’ कसे? रायगड आपला आहेच. चौबाराही आपला आहे. एक आपला म्हणताना दुसरा सोडावा लागत नाही.

पुढच्या सहामाहीत आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. उत्तरे तीच येतील की बदलतील, याची आम्हाला उत्सुकता आहे. तोवर खालील स्वाध्याय सोडवा. पालकांनी एका रविवारी मुलांना घेऊन चौबारा ते मदरसा एवढे अंतर पायी चालावे, आणि विश्वस्त मंडळाने सहलीच्या यादीत यंदा बिदरचे नाव पहिले घालावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

स्वाध्याय

१. उन्हात एक मीटर लांबीची काठी उभी करून तिची सावली मोजा. त्याच वेळी चौबाऱ्याची सावली मोजा. तिची लांबी मनोऱ्याच्या मध्यापासून धरा, म्हणजे पायथ्याची निम्मी रुंदी तीत मिळवा. या मापांवरून मनोऱ्याची उंची काढा. ती २२ मीटरच्या किती जवळ आली? फरक का पडला असेल?

२. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. मनोऱ्यावर वाजलेली घंटा दोन किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला किती सेकंदांनी ऐकू येईल?

३. वाटीला छिद्र पाडून घरी घटिकापात्र तयार करा (मोठ्यांची मदत घ्या). ती बुडायला किती मिनिटे लागतात? बरोबर २४ मिनिटे लागण्यासाठी काय बदल करावा लागेल?

४. चौबाऱ्याच्या पायथ्याभोवती एक फेरी मारा. कमानी, दगड, जिन्याचे दार यांचे निरीक्षण करून कागदावर रेखाटन करा. उत्तम रेखाटने शाळेच्या फलकावर लावली जातील.

५. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीला विचारा : ‘तुमच्या लहानपणी वेळ कशी कळत असे?’ उत्तर त्यांच्याच भाषेत, मग ती मराठी, कन्नड, उर्दू, कोणतीही असो, लिहून आणा.